लांजेवार सरांची फाईल

लांजेवार सरांचा पोर्टफोलिओ मी सीडीआर फाईलमध्ये पाठवला. हे वाक्य वाचून ज्यांना काहीच वाटलं नाही, त्यांना समजावून सांगतो. ज्यांनी कपाळावर हात मारला, त्यांनी तो तसाच ठेवावा, पुढेही लागेल.

अड्याळच्या बसस्टँडसमोर माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस असो, लग्न असो, निवडणूक असो की तेरवी, आमच्याकडे सगळं एकाच प्रोग्रॅममध्ये होतं. त्याचं नाव कोरल आणि त्यातून निघते ती सीडीआर फाईल. इकडे पवनी, तिकडे लाखांदूर, कुठल्याही फ्लेक्सवाल्याकडे जा, कोरल आहेच. त्यामुळे माझी प्रामाणिक समजूत अशी, की हवा, पाणी आणि कोरल सगळीकडे असतं. नागपूरच्या कला महाविद्यालयात तर असणारच. तिथं ते नव्हतं. फाईल उघडली नाही आणि एका माणसाचं आख्खं वर्ष गेलं.

तो माणूस कसा होता ते सांगायला बसलो आहे. माझं स्वतःचं सांगण्यासारखं वरच्या परिच्छेदात संपलं.

लांजेवार सर आम्हाला शाळेत चित्रकला शिकवायचे. उंच, हडकुळे, शर्टाच्या एका खिशात पेन्सिलींचे तुकडे आणि दुसऱ्या खिशात त्या तुकड्यांना ब्लेडनं टोक काढताना निघालेली सालपटं. जमिनीवर कचरा करायचा नाही म्हणून सालपटं खिशात. दर रविवारी बाई, म्हणजे सरांच्या घरच्या, तो खिसा उलटा करून अंगणात झटकत.

सर कोणाच्याही समोरून येत नसत. मागून यायचे, थोडा वेळ उभे राहायचे, पोटभर पाहायचे आणि मग खाकरायचे. कारण सरांना माणसांच्या पाठी काढायचा नाद होता. बसची वाट पाहणाऱ्यांच्या पाठी, तलावात जाळं फेकणाऱ्या ढिवरांच्या पाठी, धानाच्या रोवण्याच्या दिवसांत बांधीत ओळीनं वाकलेल्या बायांच्या पाठी. चेहरा कधीच नाही. एकदा धीर करून विचारलं, "सर, तोंड काहून नाही काढत?"

"तोंड पोज देते," सर म्हणाले. "पाठीले पोज देता येत नाही."

वर्गातही तेच. एलिमेंटरीच्या परीक्षेला बाकी शाळांची पोरं डोंगरामागून सूर्य काढायची तयारी करत होती, तेव्हा सरांनी आम्हाला बाकावर उलटं बसवलं. म्हणजे एक रांग भिंतीकडे तोंड करून बसली आणि दुसरी तिच्या पाठी काढत बसली. नेमके तेव्हाच हेडमास्तर आले. फळ्याकडे सर एकटे, आणि अर्धा वर्ग भिंतीकडे तोंड करून.

"लांजेवार सर, पोरायनं काय केलं? शिक्षा कायची?"

"शिक्षा नाही जी. मॉडेल आहेत."

हेडमास्तर परत निघाले. जाताना ते दारातून पाठमोरे वळले, तेवढ्यात सरांनी हातातल्या खडूनं फळ्यावर दोन रेषा ओढल्या. हेडमास्तरांची पाठ. आम्ही इतके हसलो की शेजारच्या वर्गाचे मास्तर येऊन गेले. मी त्या वर्षी सूर्यच काढला आणि सी ग्रेड मिळवली. माझी कलेतली कारकीर्द पुढे फ्लेक्सकडे वळली, यात कोणाला नवल वाटलं नाही.

सरांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. लोकांना वाटायचं, सर आता बुडालेलं गाव काढतील. देऊळ, पार, नदीचा घाट. पेपरात लिहिणारे दोघे एकदा घरी येऊनही गेले. सरांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "गाव मले काढता येत नाही. गाव मी समोरून पाह्यलं होतं."

पुनर्वसनात प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले. त्यामुळे जन्मभराचे शेजारी पांगले आणि सरांच्या वाट्याला शेवटच्या रांगेतला प्लॉट आला. उजवीकडचे मालक नागपूरला घर बांधून राहिले, डावीकडच्यांनी प्लॉट नुसता ठेवला. दोन्ही बाजूंना तरोट्याचं तण कमरेइतकं वाढलेलं. त्यात मधोमध सरांचं घर, एखाद्या पानावर शाईचा एकच ठिपका पडावा तसं. बाई होत्या तोवर त्या तरोट्यावरून पलीकडच्या गल्लीतल्या बायांशी ओरडून बोलायच्या. सर रिटायर झाले आणि काही महिन्यांतच बाई गेल्या. ओरडणारं कोणी राहिलं नाही. मी एकदा घरी गेलो तेव्हा सर म्हणाले, "दिनेश, इथं कुकरची शिट्टी वाजली तरी आपल्यालेच आयकू येते."

मग ते सकाळच्या एसटीनं अड्याळला यायला लागले. काम काही नसायचं. माझ्या दुकानात, माझ्या मागे, एक प्लास्टिकचं स्टूल होतं, त्यावर बसायचे. संध्याकाळच्या गाडीनं परत. आमच्या धंद्यात माणूस दिवसभर कॉम्प्युटरकडे तोंड करून बसतो, गिऱ्हाईक मागून बोलतं. त्यामुळे सरांचा आवाज मला कायम मानेवरच ऐकू यायचा.

"याच्या भुवया काहून इतक्या काळ्या केल्या बे?"

"सर, त्यांनीच सांगितलं. मतदार ओळखले पाहिजेत म्हणे."

"मतदार तं ओळखतीन. त्याची मायच ओळखणार नाही."

वाढदिवसाचा एक फ्लेक्स चालला होता. वर पोराचा मोठा फोटो, खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांच्या रांगाच रांगा. माझं सगळं लक्ष चेहरे गोल कापण्यात. सर मागून बराच वेळ पाहत होते.

"हे सारे याचे दोस्त?"

"हो जी. अजून चार-पाच यायचे आहेत व्हॉट्सअपवर."

"याले मी रोज स्टँडवर पाहतो," सर म्हणाले. "एकटाच बसून राहते मोबाईल घेऊन."

मी हसलो आणि चेहरे कापत राहिलो. तालुक्यातल्या निम्म्या लग्नपत्रिका मी केल्या आहेत, स्वतःची सोडून. असल्या गोष्टींवर विचार करायला मला फुरसत नसते, असं मी सगळ्यांना सांगतो.

त्या दिवशी सर एसटीतून उतरले ते नेहमीसारखे मागून न येता थेट माझ्या समोर, कॉम्प्युटरच्या पलीकडून आले. तेव्हाच ओळखायला हवं होतं की भानगड मोठी आहे.

"दिनेश, मले एम्.एफ्.ए. करायचं आहे. नागपूरले."

तरुणपणी सरांनी नागपुरात राहून चित्रकलेची पदवी घेतली होती, हे मला ठाऊक होतं. वयाची अट तिथं नव्हती, हे सरांनी स्वतः फोन करून विचारून घेतलं होतं. मी म्हटलं, "सर, आता या वयात डिग्री घेऊन काय करता जी?"

"डिग्री मले नाही पायजे. मले वर्ग पायजे." मग म्हणाले, "बाजूले कोणी बसलं पायजे ना रे."

हे वाक्य ऐकून मी काय केलं, तर खुर्ची वळवून म्हटलं, "मग सर, पोर्टफोलिओ मी करून देतो. एकदम कडक."

पोर्टफोलिओ डिजिटल मागितला होता. एकच फाईल, लिंकवर टाकायची. सर कापडी पिशवीतून चित्रं घेऊन आले. मी स्कॅन करत गेलो आणि सर स्टुलावर बसून विचारत गेले. कोणता फॉरमॅट, हा प्रश्न त्यांनी मुलगी द्यायला स्थळ पाहावं तसा घेतला.

"जेपीजी कसं राहते?"

"एकेक चित्राची एकेक फाईल. पण दर वेळी सेव्ह केलं की जरासं झिजते."

"आणि कोणतं चित्र आधी पाह्यचं ते त्यायच्या मर्जीवर?"

"हो. ते उलटसुलट पाहू शकतात."

"मग नको. पीपीटी?"

"त्यात चित्र उडत येते सर. गोल फिरून."

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय बंद केला.

"पीडीएफ?"

"पीडीएफ म्हणजे सर, कसं सांगू, थिजवलेलं. पानं एकामागून एक लागून येतात. पण ती एक प्रकारची झेरॉक्सच."

"आणि तुझं हे कोरलचं?"

"सीडीआर? हे ओरिजिनल सर. अस्सल. याच्यात सगळं जसंच्या तसं राहते."

"अन् तिकडं खुलेल?"

आता त्या कपाळावरच्या हाताची गरज आहे. मी म्हटलं, "सर, अड्याळमध्ये खुलते. तिथं खुलणार नाही काय? एवढं मोठं कॉलेज."

कॉलेजच्या सूचनापत्रात शेवटच्या ओळीत पीडीएफ असं स्पष्ट लिहिलं होतं. मी शेवटपर्यंत गेलो नाही. माझ्या दुकानात भिंतीवर पाटी आहे, 'प्रूफ तपासून घ्यावे, नंतर तक्रार चालणार नाही.' ती मी स्वतःच कोरलमध्ये केली आहे, चांगल्या लाल अक्षरांत.

फाईल गेली. पत्ता म्हणून मी दुकानाचा ईमेल दिला, कारण सरांचा नव्हता. मग लगनसराई लागली. ईमेलवर रोज नवरदेवांचे फोटो येऊन पडायचे, टोपीतले, गॉगलमधले, एक तर ट्रॅक्टरवरचा. सर स्टुलावरून विचारायचे, "काही आलं काय नागपूरवरून?" मी वरवर पाहून म्हणायचो, "नाही अजून."

आलं होतं. फाईल उघडत नाही, अमुक तारखेच्या आत पीडीएफमध्ये पाठवावी, अशी चार ओळींची विनंती. ती दोन नवरदेवांच्या मध्ये दबली होती. मला सापडली तेव्हा तारीख उलटून गेली होती. मी फोन केला, माफी मागितली. तिकडच्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "पुढच्या वर्षी नक्की पाठवा."

सरांना सांगितलं. त्यांनी खिशातला पेन्सिलीचा तुकडा काढून परत ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे त्यायनं पाह्यलंच नाही?"

"नाही सर."

"मग ठीक आहे. पाहून नाही म्हटलं असतं तं जिवाले लागलं असतं."

संध्याकाळच्या गाडीनं गेले, ते पुढे कितीतरी दिवस आलेच नाहीत. स्टूल रिकामं. माझ्या मानेला सवय झाली होती, मी मधूनमधून मागे वळून पाहायचो आणि गिऱ्हाईक विचारायचं, "काय झालं बे, मान लचकली काय?" शेवटी मोटरसायकल काढून पुनर्वसनात गेलो.

दार उघडंच होतं. सर खोलीच्या मधोमध पाटावर बसले होते, अंगात फक्त बनियन. पुढं दाढीचा आरसा खिडकीला टेकवलेला आणि मागे बाईंचा, लाकडी चौकटीचा, खुर्चीवर उभा केलेला. मांडीवर कागद. सर कधी मान डावीकडे नेत, कधी वाकून कोन पाहत आणि परत पेन्सिल धरत.

"सर, हे काय चाललं?"

"स्वतःची पाठ काढून राहिलो," सर म्हणाले. "इकडं दुसरी कोणाची पाठ नाही ना."

मी मागचा आरसा उचलून हातात धरला. सर म्हणाले, "जरा खाली घे. हा, असा." दुपार अशीच गेली. आरसा जड होता. मी हललो की सर म्हणायचे, "पोज देऊ नको." बाहेर तरोट्यात एक बकरी शिरली होती, तिच्या गळ्यातली घंटी वाजत होती. तेवढाच आवाज.

पुढच्या वर्षी पीडीएफ. या वेळी सरांनी मला नुसतं बटण दाबायला ठेवलं होतं. पानांचा क्रम त्यांनी ठरवला. जमिनीवर चित्रं मांडून त्यांच्या मधून चालत, वाकून एकेक उचलत. त्यांना पीडीएफ आता पटलं होतं.

"म्हणजे मी बाजूले बसून एक-एक पान दाखवल्यासारखं ना?"

"तसंच समजा."

"मग हे पान लवकर उलटू नये असं करता येते काय?"

"ते नाही करता येत सर. ते त्यांच्या हातात."

"हो," सर म्हणाले. "ते तं खरंच."

फाईल तयार झाली, पण सर ती पाठवू देईनात. माझ्या कॉम्प्युटरवर उघडली म्हणजे उघडली, यावर त्यांचा विश्वास राहिला नव्हता, आणि का राहावा. ते पेन ड्राईव्ह घेऊन अड्याळभर फिरले. ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिली. मेडिकलच्या दुकानातल्या मावशींच्या मोबाईलवर घेतली. बसच्या कंडक्टरला पाठवून गाडी सुटायच्या आत उघडायला लावली. सगळ्यांना एकच सांगणं, "काही नाही जी, फक्त खुलते का पाहा."

फाईल सगळीकडे उघडली. पण उघडल्यावर कोणी ती बंद करेना. ग्रामपंचायतीतला शिपाई म्हणाला, "हा तं आमचा मामा होय. बसस्टँडवर असाच उभा राहायचा, एका पायावर." मेडिकलमधल्या मावशी रोवण्याच्या चित्रावर थांबल्या. ओळीत वाकलेल्या सात-आठ बाया, एकीचंही तोंड नाही. मावशींनी त्यातली तिसरी दाखवली. "माही माय." मग गोळ्या मोजायचं सोडून मोबाईल जवळ नेला, लांब नेला. "हिचा एक फोटो नाही आमच्याजवळ," म्हणाल्या. गिऱ्हाईक थांबलं होतं, त्यानंही डोकावून पाहिलं. सर मागे उभे होते. ते खाकरले नाहीत.

एकानं मात्र तक्रार केली. "सर, माही पाठ इतकी वाकली नाही जी."

"तुले कसं माहीत?" सर म्हणाले. "तू कधी पाह्यली काय?"

शेवटच्या पानावर एक चित्र होतं, ते मी स्कॅन करताना नीट पाहिलं नव्हतं. एक गलेलठ्ठ माणूस, खुर्चीबाहेर वाहणारी कंबर, मान पुढे काढलेली, समोर कसला तरी उजेड. आजूबाजूचा कागद कोरा.

"सर, हा कोण भोपळा?"

"तू."

मी म्हटलं, हे काढून टाका, फाईल जड होऊन राहिली. सर म्हणाले, "फाईल जड नाही, तू जड आहेस." ते पान राहिलं. पुढे मुलाखतीत तिथल्या बाईंनी सगळ्यात जास्त वेळ त्याच पानावर लावला, असं सरांनी मला येऊन सांगितलं. मी खूश झालो. नंतर विचार केला तेव्हा समजलं नाही की खूश कशावर झालो.

सरांना प्रवेश मिळाला. नागपुरात एक खोली घेतली, पुनर्वसनातल्या घराला कुलूप लावलं आणि किल्ली मला दिली. सुरुवातीला रोज फोन यायचा. मग दोन-चार दिवसांनी. मग मीच करायला लागलो. उचलला तर मागे पोरापोरींचा गलका असायचा आणि सर म्हणायचे, "मग करतो बापू, इथं चर्चा चालू आहे." मी फोन ठेवून फ्लेक्सवरच्या भुवया काळ्या करायचो. मानेवर कोणी बोलायचं नाही.

मध्ये एकदा नागपूरला फ्लेक्सचे रोल आणायला गेलो. रोल एरवी गाडीत टाकून पाठवून देतात, पण मी गेलो. कॉलेज रस्त्यातच पडतं, थोडा वळसा घेऊन.

सर पायऱ्यांवर बसले होते, मधोमध. दोन्हीकडे पोरं-पोरी, कोणाच्या हातात ब्रश, कोणाच्या केसांत. एक मुलगी सरांना मोबाईलवर काहीतरी दाखवून रागावत होती, "काका, इतकी मोठी फाईल कोणी पाठवते का? साईज कमी करा ना." आणि सर शाळेतल्या पोरासारखे मान खाली घालून ऐकत होते. दुसऱ्यानं अर्धा समोसा त्यांच्या हातात दिला, न विचारता. सरांनी तो न पाहता घेतला.

मला पाहून उठले. "अरे, दिनेश. कायले आला?"

"रोल घ्यायला आलो होतो. म्हटलं, सहज."

"बस ना."

पायरीवर जागा नव्हती. पोरं सरकली, तरी अर्धीच झाली. मी अर्धा बसलो. सरांनी विचारलं, दुकान कसं आहे. मी म्हटलं, बरं आहे. मी विचारलं, जेवणाचं कसं. ते म्हणाले, ही पोरं डबा आणतात. इतकी वर्षं आम्ही एकमेकांसमोर बसलोच नव्हतो, समोर काय बोलतात ते आम्हाला ठाऊक नव्हतं. घराच्या किल्लीबद्दल सांगितलं, की मी महिन्यातून एकदा उघडून झाडून घेतो. "बरं करतोस," सर म्हणाले. मग आतून कोणीतरी हाक मारली, सगळ्यांच्या कामावर चर्चा होती, सर उभे राहिले. "जेवून जा हं. कँटीन चांगली आहे." मुलीनं त्यांचा बोर्ड उचलला, दुसऱ्यानं पिशवी. सर त्यांच्यात मिसळून दारातून आत गेले, बोलत बोलत, समोसा अजून हातातच.

मी जेवलो नाही. गाडी भिंतीच्या आड लावली होती, तिथं येऊन हेल्मेट शोधत होतो. ते हँडललाच अडकवलेलं होतं. वरच्या खिडकीतून आवाज आला. त्या मुलीचा होता.

"काका, ते कोण आले होते?"

सरांनी आवाज खाली आणला असावा. पण सारी उमर शाळेत घालवलेल्या माणसाचा आवाज खाली येऊन येऊन किती येणार.

"आमच्या अड्याळचा फ्लेक्सवाला आहे. एकटा आहे बिचारा, त्याले करमत नाही."